टाका, ठिगळ आणि वॉरंटी कार्ड

आजचा विषय जरा वेगळा आहे. बाइकवरून पडल्यावर फाटलेल्या लेदर जॅकेटचं काय करायचं? कंपनीकडे परत पाठवायचं, की दुरुस्त करून घ्यायचं? "यात कसला आलाय इतिहास?" असं वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं.

तर झालं असं. पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी ताम्हिणीत गेलो होतो. उतारावरच्या एका वळणावर वाळू पसरली होती. पुढचं चाक सटकलं आणि गाडी एकीकडे, मी दुसरीकडे. स्पीड चाळीसच्या आसपास. उजव्या कुशीवर थोडा घसरत गेलो आणि थांबलो. उठून हातपाय हलवून बघितले, सगळं जागच्या जागी. जॅकेटच्या उजव्या कोपराचं चामडं मात्र किसणीवर किसल्यासारखं झालं होतं. माझ्या कोपराचं व्हायचं ते त्याचं झालं. पैसे वसूल :)

घरी आल्यावर जॅकेट खुंटीला अडकवताना दुसरी गोष्ट दिसली. डाव्या काखेजवळची शिवण वीतभर उसवली होती. आता गंमत बघा, डावी बाजू रस्त्याला लागलीच नव्हती! नुसता हात ताणला गेला असणार आणि तेवढ्यानं टाके सुटले.

जॅकेट आठ महिन्यांचं, वॉरंटी एक वर्षाची. फोटो काढले, बिल जोडलं आणि कंपनीला मेल टाकला. (नाव सांगत नाही, उगाच वाद नको.) दोन दिवसांत उत्तर आलं, की अपघातात झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर तिकीट 'वोन्ट फिक्स' म्हणून क्लोज.

पैशांपेक्षा मला वेगळ्याच गोष्टीचा राग आला. पडलो तर अंग वाचावं म्हणून घेतलेली वस्तू, आणि पडलो म्हणूनच तिची वॉरंटी नाही? मग वॉरंटी आहे तरी कशाची? खुंटीला नीट टांगून ठेवण्याची? हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग पुढचे दोन वीकेंड वाचनात गेले आणि नेहमीप्रमाणे मी इतिहासात शिरलो.

आधी थंडी, मग वेग

पहिली गोष्ट कळली ती ही, की बाइकवाल्यांनी चामडं घालायला सुरुवात केली ती पडण्याच्या भीतीनं नाही. सुरुवातीच्या मोटारसायकली, उघडे विमान आणि उघड्या मोटारी यांची अडचण एकच होती, वारा आणि गारठा. त्यामुळे कपडेही साधारण सारखेच. लंडनच्या ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवर १८९२ साली 'डी. लुईस' नावाचं शिंप्याचं दुकान सुरू झालं. पुढे त्यांनी वैमानिकांना आणि मोटारसायकलवाल्यांना चामड्याची जॅकेटं पुरवली. आज 'लुईस लेदर्स' म्हणतात ते हेच.

अटलांटिकच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली अर्विंग आणि जॅक शॉट या भावांनी रेनकोट शिवून विकायला सुरुवात केली. १९२८ साली अर्विंगनं खास मोटारसायकलसाठी जॅकेट काढलं. घोड्याच्या चामड्याचं, पुढे तिरकी चेन असलेलं. तिरकी चेन ही नुसती स्टाइल नव्हती. एक बाजू दुसरीवर चढली की मधून वारा शिरत नाही, आणि टाकीवर वाकून बसलं तरी चेन पोटात टोचत नाही. अर्विंगला जो सिगार आवडायचा, त्याचंच नाव जॅकेटला दिलं, 'परफेक्टो'. लाँग आयलंडच्या हार्ली-डेव्हिडसन विक्रेत्याकडे ते साडेपाच डॉलरला विकायला ठेवलं होतं.

मग येतो जेफ ड्यूक. इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्सचा हा रेसर, पुढे सहा वेळा विश्वविजेता झाला. त्या काळी रेसर लोक जॅकेट आणि पँट असा दोन भागांचा चामड्याचा पोशाख घालायचे. तो वाऱ्यात फुगायचा, फडफडायचा. ड्यूकच्या लक्षात आलं, की ही फडफड वेग खाते. तो आपल्याच गावातल्या फ्रँक बार्कर नावाच्या शिंप्याकडे गेला आणि त्याच्याकडून अंगाबरोबर बसणारा, पातळ चामड्याचा एकसंध सूट शिवून घेतला. १९५० च्या सुमाराची ही गोष्ट. लोक आधी हसले, आणि मग सगळ्यांनीच तसे सूट शिवून घेतले.

इथे माझ्या प्रश्नाचा पहिला धागा हाताला लागला. आज आपण ज्याला 'सेफ्टी गिअर' म्हणतो, त्या सूटचा जन्म एरोडायनॅमिक्समधून झालाय. त्यात पॅड वगैरे जवळपास काहीच नव्हतं. पडलो तर काय, हा विचार मागाहून आला. आणि सूट शिवणारा माणूस गावातलाच असला, की वॉरंटीचा प्रश्न येतोच कुठे? मापानं शिवलेला कपडा उसवला की शिंप्याकडे न्यायचा, ही तेव्हाची साधी रीत. टाका कच्चा निघाला तर तो त्याच्या तोंडावर सांगता यायचा.

जॅकेट शिंप्याच्या हातून सुटलं

१९५३ साली 'द वाइल्ड वन' आला आणि मार्लन ब्रँडोच्या अंगावरचं जॅकेट जगभर गेलं. ज्याच्याकडे मोटारसायकल नाही त्यालाही ते हवंसं झालं. तेव्हापासून लेदर जॅकेट या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातायत. एक मिरवायची, दुसरी पडायची. दिसायला जुळ्या बहिणी, पण पहिली रस्त्याला लागली की क्षणात फाटते. दुकानात हँगरवर लटकलेली असताना फरक सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. मेख आहे ती इथेच.

या जॅकेटांचा खरोखर किती उपयोग होतो, हे आकडे काढून बघायला १९७० चं दशक उजाडलं. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या टीमनं लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला. १९८१ च्या त्यांच्या अहवालात म्हटलंय, की जाड जॅकेट, बूट, हातमोजे यांनी खरचटणं आणि कापणं टळतं किंवा कमी होतं. सोबत हेही म्हटलंय, की अशा जखमा होतात खूप, पण त्या सहसा गंभीर नसतात. म्हणजे चामडं कातडी वाचवतं, हाडांची जबाबदारी ते घेत नाही.

हाडांचं काय होतं ते बॅरी शीनला विचारायला हवं होतं. १९७५ साली डेटोनात ताशी २८० किलोमीटरच्या आसपास वेगात असताना त्याच्या मागच्या टायरनं दगा दिला. मांडीचं हाड, हात, बरगड्या, बरंच काही मोडलं. पठ्ठ्या सात आठवड्यांत परत रेसला हजर, आणि १९७६ व १९७७ ला विश्वविजेता! पुढे दशकाच्या शेवटी इटलीच्या 'डायनेसे' कंपनीनं पाठीचा कणा वाचवणारं कवच काढलं, तेव्हा ते सुरुवातीला घालणाऱ्यांत शीन होता. एकावर एक चढवलेल्या पट्ट्यांमुळे ते शेवंडीच्या पाठीसारखं दिसायचं, म्हणून त्याचं नावच पडलं 'अरागोस्ता', इटालियनमध्ये शेवंड.

याच काळात वळणावर गुडघा रस्त्याला टेकवायची पद्धत आली. केनी रॉबर्ट्ससारखे रेसर गुडघ्यावर चिकटपट्टी गुंडाळायचे, हेल्मेटच्या जुन्या काचेचे तुकडे लावायचे. त्यातून 'नी स्लायडर' जन्माला आला. गुडघ्यावर बसवायचा प्लॅस्टिकचा ठोकळा, झिजला की ओढून काढायचा, नवा लावायचा.

मला हा स्लायडर फार महत्त्वाचा वाटतो. कपड्याचा एक भाग झिजण्यासाठीच आहे, हे बनवणाऱ्यानं इथे उघडपणे मान्य केलं, आणि तो बदलायची सोयही करून दिली. झिजलेल्या स्लायडरची कुणी वॉरंटी मागत नाही. ब्रेक पॅडची मागतो का आपण?

चार सेकंदांचा करार

मग चामड्याचं काम नेमकं किती? याचं मोजमाप केंब्रिज विद्यापीठातल्या रॉडरिक वुड्स यांच्या कामातून आलं. त्यांनी तयार केलेल्या यंत्रात पॉलिश पेपरचा खरखरीत पट्टा सेकंदाला ८ मीटर वेगानं फिरत असतो. त्यावर चामड्याचा तुकडा वरून टाकायचा आणि भोक पडायला किती वेळ लागतो ते बघायचं. २००२ साली युरोपात आलेल्या ईएन १३५९५ या मानकात हीच चाचणी होती. कोपर, खांदा, गुडघा अशा आधी आपटणाऱ्या जागी पहिल्या पातळीसाठी किमान ४ सेकंद, दुसऱ्या पातळीसाठी ७ सेकंद. ज्या जागा रस्त्याला क्वचितच लागतात, तिथे पहिल्या पातळीला फक्त १ सेकंद. २०२० पासून ईएन १७०९२ नावाचं दुसरं मानक आलं, त्यात चाचणीची पद्धत आणि वर्गवारी वेगळी आहे. पण विचार तोच.

चार सेकंद! एवढीच नोकरी. मी वहीवर गणित करून बघितलं. घर्षणांक ०.६ धरला तर ताशी ४० नं पडलेला माणूस साधारण दोन सेकंदांत थांबतो, ताशी ८० नं पडलेला जवळजवळ चार सेकंदांत. (पट्ट्यावरचे सेकंद आणि रस्त्यावरचे सेकंद एकच नव्हेत, पण अंदाज यायला पुरे.) म्हणजे माझ्या उजव्या कोपरानं आपला करार पाळला होता. त्याचं किसलं जाणं हा बग नव्हताच, ते फीचर होतं. त्याबद्दल मी कंपनीकडे भरपाई मागायला गेलो, ती माझी चूक.

पण त्याच मानकात आणखी एक चाचणी आहे, शिवण फाटायला किती जोर लागतो त्याची. ती वेगळी ठेवण्यामागे कारण आहे. अपघातात बऱ्याचदा चामडं टिकतं आणि टाके जातात. चामडं एकदा उघडलं की आतली कातडी थेट रस्त्यावर. म्हणून चांगल्या जॅकेटात महत्त्वाच्या जागी दोन-तीन ओळींची शिवण असते आणि त्यातली एक आत दडवलेली असते. बाहेरची ओळ रस्त्यानं खाल्ली तरी आतली धरून ठेवते. टाके फार जवळजवळ घातले तर भोकांच्या ओळीवर चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. फार लांब घातले तर प्रत्येक टाक्यावर जास्त ताण येतो. सुती दोरा वर्षानुवर्षं घामानं, ओलाव्यानं कुजतो. जुनी जॅकेटं म्हणून आधी शिवणीत जातात, चामडं धडधाकट असतानाच.

आता माझ्या डाव्या काखेकडे या. तिथे रस्ता लागला नव्हता, चामडं शाबूत होतं, भोकंही फाटलेली नव्हती. फक्त दोरा तुटला होता. म्हणजे कोपर आणि काख, एकाच दिवशी बिघडलेल्या दोन जागा, पण प्रकार पूर्ण वेगळे. एक काम केल्यामुळे खराब झाली, दुसरी काम न केल्यामुळे. कंपनीनं दोन्हींना 'अपघात' म्हणून एकाच पोत्यात घातलं. आणि खरं सांगायचं तर मीही माझ्या मेलमध्ये तेच केलं होतं.

कागदावरचा शब्द

या वेगळेपणाला कायद्यात जागा आहे का? आहे, आणि चांगली जुनी आहे. 'घेणाऱ्यानं बघून घ्यावं' हे बाजाराचं मूळ तत्त्व. ब्रिटनच्या १८९३ च्या मालविक्री कायद्यानं त्याला लगाम घातला. माल विकण्याजोग्या दर्जाचा हवा, आणि घेणाऱ्यानं आपलं काम सांगून विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून घेतला असेल तर त्या कामाला योग्य हवा. आपल्याकडचा १९३० चा मालविक्री कायदा त्याच घराण्यातला, त्याच्या कलम १६ मध्ये हेच आहे. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याच्या जागी २०१९ चा. दर्जातली कमतरता म्हणजे दोष, ही कल्पना त्यातही आहे. वॉरंटी कार्डावर काहीही छापलेलं असो, मालातला दोष तेवढ्यानं पुसला जात नाही.

अमेरिकेनं १९७५ साली मॅग्नसन-मॉस कायदा केला. वॉरंटी द्याच असं तो म्हणत नाही. पण लेखी दिलीत तर ती 'पूर्ण' आहे की 'मर्यादित' ते समजेल अशा भाषेत लिहा, आणि 'आमच्याच ब्रँडचे पार्ट वापरा, आमच्याकडेच दुरुस्त करा, नाहीतर वॉरंटी रद्द' अशी अट सरसकट घालू नका, असं म्हणतो. कायदा झाला म्हणून अटी गेल्या असं नाही. २०२२ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगानं नेमक्या अशाच अटींवरून हार्ली-डेव्हिडसनवर कारवाई केली. विषय मोटारसायकलींच्या दुरुस्तीचा होता, जॅकेटांचा नव्हे. पण ज्यांच्या विक्रेत्याकडे पहिलं परफेक्टो विकायला होतं, त्यांच्याच वॉरंटीत हे सापडावं, याची मला गंमत वाटली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या केंद्र सरकारनंही 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनं, मोबाइल, शेतीची अवजारं वगैरे आहेत.

बरं, जिथे पडणं हा रोजचाच धंदा आहे तिथे काय करतात? ग्रां प्रीच्या पॅडॉकमध्ये सूट बनवणाऱ्या कंपन्यांचे ट्रक उभे असतात, आत शिलाई मशीन. शुक्रवारी पडलेल्या रेसरचा सूट शनिवारी शिवून तयार. फ्रँक बार्करचं दुकान चाकांवर आलं म्हणा ना! आता सूटमध्ये एअरबॅग असतात, २०१८ पासून मोटोजीपीत त्या सक्तीच्या आहेत. त्या फुगल्या की बऱ्याचदा तपासणीसाठी किंवा बदलून घेण्यासाठी कंपनीकडेच पाठवाव्या लागतात. म्हणजे कपडा पुन्हा बनवणाऱ्याकडे चाललाय. फक्त आता तो आपल्या गावात राहत नाही, आणि आतल्या सॉफ्टवेअरची किल्लीही त्याच्याकडेच आहे. २०२१ साली एका अमेरिकन कंपनीच्या एअरबॅग व्हेस्टवरून गदारोळ झाला होता. मासिक वर्गणी थकली आणि सवलतीचे दिवसही उलटले, तर ते फुगणारच नव्हतं. हे लिहिणाऱ्या माझ्या जातभाई प्रोग्रामरला रात्री झोप लागली असेल का, कुणास ठाऊक.

शेवटी काय केलं

कंपनीला दुसरा मेल टाकला. यावेळी कोपराबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त काखेचा फोटो, तुटलेल्या दोऱ्याचा क्लोजअप, आणि एवढंच लिहिलं, की इथे चामडं फाटलेलं नाही, भोकं शाबूत आहेत, दोरा तुटलाय, हा शिवणीतला दोष आहे. आठवड्यानं उत्तर आलं. नव्या जॅकेटवर वीस टक्के सूट. धन्यवाद.

ग्राहक मंचात जाता आलं असतं. गेलो नाही, आळस केला, लपवत नाही. मित्रानं पेठेतल्या एका काकांचा पत्ता दिला. बॅगा, सॅडल, जॅकेट सगळं शिवतात. त्यांनी जॅकेट हातात घेतलं ते थेट काख उलटी करून. कोपराकडे बघितलंही नाही. तुटलेल्या दोऱ्याचं टोक चिमटीत धरून हलकासा झटका दिला. दोरा पुन्हा तुटला.

"साहेब, चामडं चांगलंय. दोरा कच्चा आहे," ते म्हणाले. "हीच शिवण घातलीय ना सगळीकडे? मग एकटी काख शिवून काय उपयोग? दुसरी पण जाणार."

केंब्रिजचं यंत्र, १९३० चा कायदा, माझे दोन वीकेंड, आणि काकांना लागली दहा सेकंदं.

"आणि काका, कोपराला ठिगळ लावता येईल?"

"लावता येईल, पण लावू नका. खालचं पातळ झालंय. वरून ठिगळ दिसेल छान, पडलात की निघून येईल. हा सगळा तुकडाच बदलू."

मग तसंच केलं. बाहीचा तो पूर्ण तुकडा उसवून त्याच जाडीचं नवं चामडं, जुन्या भोकांतूनच टाके, दोरा जाड नायलॉनचा, आणि दोन्ही काखांना दुहेरी शिवण. नव्या जॅकेटच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी पैसे लागले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा. आधी सगळीकडून फोटो काढा, मगच कुणाला टाका उसवू द्या, कारण मूळ शिवण गेली की पुरावाही गेला. रस्त्यानं खाल्लेलं आणि आपोआप सुटलेलं, या दोन गोष्टींची तक्रार वेगवेगळी लिहा. पहिलीसाठी कारागीर शोधा, दुसरीसाठी कंपनीच्या मागे लागा. माझ्यापेक्षा जास्त चिकाटीनं लागा. आणि नवं जॅकेट घेताना चामडं चोळून बघण्याआधी आत हात घालून शिवण बघा.

माझ्या जॅकेटच्या उजव्या बाहीचा काळा रंग आता बाकीच्या काळ्याशी जुळत नाही. उन्हात उभा राहिलो की चटकन दिसतं. मागच्या रविवारी परत ताम्हिणीत गेलो होतो. त्या वळणावर अजून वाळू आहे. जपून जा.